पट्टी उचलून बघणारे मामा

मावळात एखादा माणूस आजारी पडला आणि आमच्या मामांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला नाही, तर तो आजारी नव्हताच, नुसता रजा टाकून लोळत होता असं खुशाल समजावं. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. राहायला बेगडेवाडीला, पण जीव सगळा तळेगाव ते लोणावळा ह्या पट्ट्यातल्या दवाखान्यांत. कंपनीतून निवृत्त झाल्यावर कोणी तीर्थयात्रा करतं, कोणी बागेत जाऊन मोठमोठ्यानं हसतं; मामा आजाऱ्यांना बघायला जायचे. हातात शहाळं, खिशात शिरगावच्या साईबाबांची उदी. आजारी माणूस ओळखीचाच हवा असा काही हट्ट नाही. ज्याला बघायला आले तो घरी गेला असेल, तर शहाळं शेजारच्या खाटेला. "आलोय तर बघून जातो, लोकलला अजून येळ हाय."

स्टुलावर ते कधी बसले नाहीत. "स्टुलावर बसायला मी काय वसुलीला आलोय व्हय?" असं म्हणून पेशंटचे पाय सरकवून थेट गादीवर. मग उजवा हात कपाळावर. जाड, उबदार हात. तो पडला की आडदांड गडीसुद्धा लहान पोरासारखा डोळे मिटायचा, हे मी स्वतः पाहिलंय. मग उदी. आणि शेवटी खरा कार्यक्रम: पट्टीचं टोक हळूच उचलून जखम बघणं. जखम बघितल्याशिवाय भेट लागू होत नाही, असा त्यांचा कायदा होता. एकदा सिस्टर ओरडली, तर म्हणाले, "बाय माजे, वारं लागू दे जरा. कोंडून ठिवलं तर मानूस बी कुजतो." सिस्टरला हसू आलं, आणि विषय तिथंच संपला.

मागच्या पावसाळ्यात जुन्या हायवेवर माझी मोटरसायकल घसरली. पायात सळी घालून मला लोणावळ्याच्या एका दवाखान्यात निजवलं. मोठी खोली, दारापासून खिडकीपर्यंत खाटांची रांग, खिडकीशी मी. बाहेर धुकं इतकं, की दुपारी चारलाच दिवे लावायचे आणि खिडकीच्या काचेत आमचीच खोली दिसायची. मामांना काय, पर्वणीच! रोज यायचे. दारापासून सुरुवात, एकेक खाट करत शेवटी माझ्याकडे. "जावईबापूंचा मान शेवटचा," म्हणायचे आणि माझी पट्टी उचलायचे. "लय ग्वाड जखम हाय!" आता जखमेत गोड काय असतं, कपाळ! पण पाय टांगलेला. मी करणार काय?

पहिला ताप दाराजवळच्या खाटेला आला. जखम हिरवट झाली. इंजेक्शन बदललं, परत बदललं, गुण शून्य. मग त्याच्या शेजारच्याला थंडी वाजून आली. तिसऱ्या खाटेवर एक खवट दुकानदार होता. त्यानं पहिल्याच दिवशी मामांना, "हात लावाल तर पोलीस बोलवीन," असं सुनावलं होतं. तो मात्र ठणठणीत. मांडीवर पुडा घेऊन कडाकडा चिक्की खायचा. ताप त्याला टाळून चौथ्या खाटेवर गेला.

हे साऱ्यांच्या ध्यानात आलं, पण बोललं कोणी नाही. बोलणार काय? एवढ्या मायेनं येणाऱ्या म्हाताऱ्याला सांगणार काय? जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या, की खोलीतलं बोलणं थांबायचं आणि माणसं डोक्यावरून चादरी ओढायची. मामांना वाटायचं, बिचारी झोपलीत. मग ते चवड्यांवर चालत यायचे, चादर हलकेच खाली करायचे आणि झोपमोड होऊ नये म्हणून अगदी अलगद हात ठेवायचे. त्या धुकट उजेडात एक एक कपाळ उघडं होत माझ्याकडे येताना मी बघत पडायचो.

माझ्या शेजारचे कामशेतकडचे आबा गेले, त्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. भेटी बंद केल्या. नळ, ट्रॉली, खाटांचे दांडे, सिस्टरांचे हात, सगळ्यांवरून कापूस फिरवून तपासायला पाठवला. मामांनी तर प्रसाद घ्यावा तसे दोन्ही तळवे आपणहून पुढे केले. निकाल आला: जखमांत सापडलेला तोच जंतू नळावर, ट्रॉलीवर आणि मामांच्या हातावर.

"सुरुवात कुठून झाली सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "आमच्या नळावरूनही तुमच्या हाताला लागला असेल. औषधं पचवून पचवून हे जंतू निर्ढावलेत. जगभरच्या दवाखान्यांत हेच चाललंय."

"पन मला तर कायबी झालं न्हाई!"

"तुमची कातडी धड आहे. जखमेत शिरला, की मग आवरत नाही."

मामांनी आपला तळवा उलटसुलट करून बघितला. म्हणाले, "आन् आबांची पट्टी मी रोज उचलत हुतो."

दुसऱ्या दिवशी मला ताप भरला. काचेच्या वेगळ्या खोलीत हलवलं. बाईंनी बायकोला स्पष्टच सांगितलं, की एकच औषध उरलंय, तेही मूत्रपिंडाला जड. त्यानं नाही भागलं तर पाय मांडीतून कापायचा, नाहीतर माणूस जाईल. बायको पदराचा बोळा तोंडात धरून उभी. काचेपलीकडे मामा, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. आत यायची बंदी, तरी रोज यायचे आणि तसेच उभे राहायचे.

एका दुपारी ग्लानीत असताना माझ्या कपाळावर हात आला. तोच, जाड, उबदार. वजनासकट. मी डोळे उघडले तर खोलीत कोणी नाही, मामा काचेपलीकडेच. आणि हात कपाळावरून उठेना. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "मामा, हात काढा! हात काढा!"

आवाज पलीकडे गेला नसावा, पण ओठ त्यांना कळले. त्यांनी काखेतले दोन्ही हात सोडवले आणि वर करून मला दाखवले. म्हातारा ढसाढसा रडत होता.

औषध लागू पडलं. पाय वाचला. मामांचे हातही परत तपासले, स्वच्छ निघाले. साबणानं नीट धुतले की झालं आणि जखमेपासून लांब राहायचं, एवढंच बाईंनी सांगितलं. पण मामांनी दवाखाने सोडले ते सोडलेच. आता भाची वाकून नमस्कार करते तेव्हा हात पाठीमागे बांधून तोंडानंच आशीर्वाद देतात.

परवा मला साधाच ताप आला, पावसात भिजल्याचा. मामा आले, पण उंबऱ्याच्या आत येईनात.

"या की मामा. ठेवा हात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, गेलं सगळं?"

"गेलं गेलं म्हंत्यात, जावईबापू," मामा हळूच म्हणाले. "पन हातावरनं गेलं ते कुटं गेलं, ह्ये कोनी सांगत न्हाई."

मी डोळे मिटून घेतले आणि कपाळावर हात पडायची वाट बघत पडून राहिलो.