चढावर सरकलेली वॅगन

नोकरीत मृतदेह बरेच पाहिले. पण एका कारखान्याच्या रेल्वे सायडिंगवर दोन वॅगनच्या मध्ये चिरडलेला तो हमाल अजून डोक्यातून जात नाही.

कारखाना नाशिकच्या कडेला, आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत. मालगाडीच्या वॅगन थेट आवारात येत. रेल्वेचं इंजिन त्या लावून निघून जाई. गोदामाचा फलाट आखूड, एका वेळी दोनच वॅगन लागत. त्या रिकाम्या झाल्या की मागच्या पुढे घ्याव्या लागत, आणि त्यासाठी पुन्हा इंजिन मागवलं तर रेल्वे तासाप्रमाणे शंटिंगचे पैसे लावते.

कारखान्याने खबर दिली ती अशी: हमाल दारू पिऊन वॅगनला टेकून डुलक्या घेत होता, मागच्या वॅगनचा ब्रेक सैल होता, ती आपोआप घरंगळली. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा केला.

त्याची बायको दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जायची. ठाण्यात येऊन बाकावर बसली. रडली नाही.

"बाई, दारूचं लिहू नका. ते पीत नव्हते. भरपाई तर नायच मिळायची, वर पोरींना लोक बेवड्याच्या पोरी म्हणतील."

"तपासात येईल ते लिहीन," मी म्हणाले. याहून जास्त आश्वासन मी कोणालाच देत नसे.

दुसऱ्या दिवशी गेटबाहेरच्या चहावालीने आमच्या हवालदारांना हटकलं. "भाऊ, ट्रॅक्टरवाल्याला पकडलं का?"

"कोणता ट्रॅक्टरवाला?"

"म्हणजे तुम्हाला दाखवलाच नाय. ताप असला तरी माझ्याकडं चहाला येतो तो. कालपासून गायब हाय."

मी पुन्हा जागेवर गेले. तिथले रूळ काँक्रीटमध्ये बसवलेले होते. रुळालगतच्या खाचेत बाटलीभर पाणी ओतलं. ते फाटकाकडे वाहत गेलं. वॅगन सरकली होती गोदामाकडे, म्हणजे चढाला.

हमालांच्या मुकादमाला ठाण्यात बोलावून आधी चहा दिला. घाबरलेल्या माणसावर ओरडलं की तो पाठ केलेलं सांगतो. गप्प बसलं की त्यालाच ते सहन होत नाही.

"ब्रेक सैल होता, मॅडम," तो पुन्हा म्हणाला.

"असेल. मग ती उताराला यायची. चढाला कशी गेली?"

"वाऱ्याने गेली असेल," हवालदार शांतपणे म्हणाले.

मुकादमाने कप खाली ठेवला. "इंजिन कोण मागवतं, मॅडम? ट्रॅक्टरला पुढे जुना टायर बांधतो आणि ढकलतो. डायवरला पलीकडचं दिसत नाही. म्हणून एक जण दोन वॅगनच्या मध्ये उभा राहून 'थांब' म्हणून आवाज देतो. त्या दिवशी आवाज ऐकू नाही आला."

"असं करायला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? इंजिनाचं बिल आलं की मॅनेजरसाहेब सगळ्यांसमोर काढतात आमची. मग आम्ही मागवतच नाही."

ट्रॅक्टरचालक मालेगावला बहिणीकडे सापडला. त्याच्यावर आणि मुकादमावर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल झाला. रासायनिक तपासणीत दारूचा अंश निघाला नाही, तसं मी दोषारोपपत्रात स्पष्ट लिहिलं. व्यवस्थापक प्रत्येक जबाबात सांगत राहिला की त्याने असा आदेश कधीच दिला नव्हता. ते खरंच होतं. त्याच्याविरुद्ध काही उभं राहिलं नाही.

भरपाईच्या अर्जाला लागणारी कागदपत्रं न्यायला हमालाची बायको पुन्हा आली. तेव्हा तिने विचारलं, "इंजिन मागवलं असतं तर किती लागले असते?"

मी आकडा सांगितला.

"मग आम्हाला सांगायचं ना," ती म्हणाली. "आम्ही हमालांच्या घरांनी वर्गणी काढली असती."

हुकूम देणाऱ्यापर्यंत पोलीस कधी ना कधी पोचतात. पण जो काहीच सांगत नाही, फक्त नाराज होतो, आणि त्या नाराजीला भिऊन माणसं वॅगनच्या मध्ये उभी राहतात, त्याला लावायचं कलम मला नोकरी संपेपर्यंत सापडलं नाही.