ठिपके गेल्यानंतर

प्रेमा आठल्ये मूळच्या रत्नागिरीच्या. अठ्ठावन्न साली बंगळूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आल्या आणि आईला घेऊन जयनगरात राहू लागल्या. हवा मानवली, माणसं आवडली, पण इथे समुद्र नाही हे त्यांना खुपायचं. म्हणून त्यांनी प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. पाणी मद्रासहून मोठमोठ्या बरण्यांतून रेल्वेनं यायचं, मासेही तिथूनच. टाकी राखायला शिवाप्पा होता. तो निपाणीकडचा, त्यामुळे दोघं मराठीतच बोलत.

एकदा आलेले नवे मासे बाईंनी कौतुकानं थेट जुन्यांत सोडले. थोड्याच दिवसांत मासे दगडांना अंग घासू लागले. अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके उठले. मग एका सकाळी पाहतात तो ठिपके गायब! बाईंनी पेढे वाटले. पण आठवडाभरात ठिपके परतले, आधीपेक्षा दाट. मासे वर येऊन धापा टाकू लागले आणि एकेक करून मेले. दोनच नारिंगी मासे उरले.

बाईंनी मद्रासला विचारलं, पुस्तकं धुंडाळली, तेव्हा उलगडा झाला. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीत शिरलेला परजीवी. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत निघतात.

"म्हणजे अक्का, आपण पेढे खात होतो तेव्हा ते खाली संसार वाढवत होते," शिवाप्पा म्हणाला.

औषध मोरचुदाचं, अगदी किंचित. पण त्यानं टाकीतल्या गोगलगायी मेल्या असत्या. म्हणून बाईंनी दोन्ही मासे वेगळ्या भांड्यात काढून तिथे औषध दिलं. मोठी टाकी माशांविना ठेवली, म्हणजे मासा न मिळून पिल्लं मरतील.

तेवढ्यात कॉलेजचं प्रदर्शन आलं. प्राचार्य म्हणाले, "मासे तर स्वच्छ दिसताहेत. दोन दिवस सोडा की टाकीत."

"स्वच्छ दिसताहेत, पण टाकी अजून स्वच्छ नाही, सर," बाई म्हणाल्या.

प्रदर्शनात त्या बिनमाशांच्या टाकीशेजारी उभ्या राहिल्या. लोक डोकावायचे, हसायचे, पुढे जायचे. बाई प्रत्येकाला समजावून सांगत होत्या. दुपारी आई आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि टाकीकडे बघत राहिली.

"तुझ्या वडिलांचा ताप उतरला, तशी मीच त्यांना कचेरीत जाऊ दिलं," ती म्हणाली. "आणि तो उलटला."

हे तिनं आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. बाईंनी तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. संध्याकाळपर्यंत दोघी तिथेच होत्या.

पुढे महिन्याभरानं मासे टाकीत गेले. एक लवकरच मेला, का ते कळलं नाही. दुसरा बरीच वर्षं जगला. नव्या माशांना मात्र बाई आधी वेगळ्या भांड्यातच ठेवत, कितीही निरोगी दिसोत.