फोन वाजत नाही तेव्हा

"मीच शे, ताई. वाजना ना? ठेव."

वाजला ना, एवढेच विचारणारा हा फोन दिवसातून कितीदा तरी यायचा. नंदुरबारात रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन आम्ही ज्या खोलीत घेतो, तिच्या शेजारच्याच खोलीत हे गृहस्थ बसायचे. भिंतीपलीकडून मोबाइलवर आमचाच नंबर लावायचे आणि आमच्या टेबलावर घंटा वाजली की निश्चिंत व्हायचे, तेही घटकाभरच. तुमच्याही कचेरीत असा एखादा भित्रा जीव असेलच. आम्ही त्यांची भरपूर थट्टा केली. एकदा मी मुद्दाम फोन उचलला नाही, तर अनवाणीच धावत आले. त्यांचा चेहरा पाहून माझे हसू आटले.

जिल्ह्यातले हे सगळे फोन त्यांच्या ताब्यातल्या दोन पेट्यांमधून यायचे. स्विच म्हणतात त्यांना. एक बंद पडली तर दुसरीने काम उचलायचे. पेट्यांची त्यांना भीती नव्हती. पेटी आधी तापते, तिचा पंखा कुरकुरतो, ती सांगून जाते, असे ते म्हणत. भीती होती ती आतल्या प्रोग्रामची. तो अडकला तरी दिवे हिरवेच राहतात आणि शेजारच्या पेटीला वाटते, सगळे ठीक चालले आहे. फोन शांत झाले की आम्ही चहा मागवायचो आणि हे घामाघूम. कोणी आजारी नाही म्हणून फोन येत नाहीत, की लोक लावताहेत आणि पोचत नाहीत, हे ओळखायचे कसे, असे विचारायचे. मलाही मग चहा गोड लागत नसे.

एकदा वरून हुकूम आला, दोन्ही पेट्यांत नवा प्रोग्राम घाला. यांनी परोपरीने विनवले की निदान एकीत जुना राहू द्या, नाहीतर एकच चूक दोघींत जाईल. कोणी ऐकले नाही.

त्या होळीला ते बायकोला घेऊन डोंगरातल्या काठी गावाला गेले. तिथली राजवाडी होळी पहाटे पेटते. डोंगर रात्रभर जागतो आणि सकाळी झोपतो. म्हणून फोन थंड आहेत याचे आम्हाला नवल वाटले नाही. कोणीतरी साखरेची हारकंगणे आणली होती, ती खात आम्ही बसलो होतो. मग माझ्या लक्षात आले की आज यांचाही फोन आलेला नाही. मी माझ्या मोबाइलवरून आमचा नंबर लावला. कानात घंटा वाजत होती. टेबलावरचा फोन मुका होता.

त्यांना लावता लावता एकदाचा लागला. पहाटे काठीहून त्यांनीही आम्हाला फोन केला होता, कोणी उचलला नाही, मग रेंज गेली, म्हणून जीप करून ते घाट उतरत होते.

"दोन्हीसनी वायर काढ, ताई," ते म्हणाले. "एकसाथे."

मी काढली आणि पुन्हा लावली. पेट्या उठल्या आणि सगळे फोन एकदम वाजू लागले. मी पहिला उचलला तो डोंगरातल्या एका माणसाचा होता. सकाळपासून लावत होता बिचारा. "गाडी नको आता," एवढेच म्हणाला. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. मी रडले, आणि रडतच पुढचा फोन उचलला.

चौकशीत ठरले की पेटी बिघडली होती. नव्या कोऱ्या दोन पेट्या आल्या. आत प्रोग्राम तोच. त्या निष्कर्षाखाली यांची सही हवी होती. "पेटीनी काय चूक शे?" असे विचारून ते उठले. सही केली नाही. नोकरी सोडली आणि कोरीटला शेतावर राहायला गेले. मला त्यांचा राग आला, खोटे कशाला सांगू. आम्हाला या पेट्यांच्या हवाली करून गेले असे वाटले.

मध्यंतरी न राहवून मी त्यांना फोन केला. कापसाचे बोलणे झाले, बायकोच्या गुडघ्यांचे झाले. मग त्यांनी हळूच विचारले, प्रोग्राम बदलला का. मी नाही म्हटले. माझी भाची काठीच्या शाळेत शिक्षिका आहे आणि तिला सातवा महिना लागला आहे, हे मी त्यांना आधीच सांगून बसले होते.

"भाचीले खाले लई ये, ताई," ते म्हणाले. "आजच."

मी सुट्टीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि तिला खाली आणायला काठीला जाणारी जीप बघायला निघाले.