चालू-बंदचा खटका

आमच्याकडे समुद्रावर निघालेल्या माणसाला ‘कुठे’ विचारत नाहीत. विचारलंत तर तो परत ओट्यावर येऊन बसतो, पाणी पितो आणि मग नव्याने निघतो, शिव्या वेगळ्या. मासा लागायची जागा तर सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. अशा माणसांच्या होड्यांवर ‘मी इथे आहे, मी इथे आहे’ असं सतत कळवणारा डबा बसवायचं ज्या शहाण्याच्या डोक्यात आलं, त्याने आमच्या बंदरावर एक दिवस तरी काढायला हवा होता.

रत्नागिरीच्या बंदराजवळ माझं दुकान आहे. होड्यांवरचे जीपीएस, वायरलेस, बॅटऱ्या दुरुस्त करतो. डबे आले तेव्हा लोकांनी त्यांना हळदकुंकू लावलं, लिंबूमिरची बांधली, आणि आठ दिवसांत एकेक जण हळूच दुकानात शिरला. “खटका बसवून दे रे. हवा तेव्हा चालू, नको तेव्हा बंद.” बंद करायची सोय डब्याला मुद्दामच दिलेली नव्हती. मी वायर कापली आणि मधे घरातल्या दिव्याचा साधा खटका टाकला. बंदरभर कौतुक झालं. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू! तेव्हाच कोणीतरी माझा हात धरायला हवा होता.

पहिला खटका भावोजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला बसवून दिला. छोट्या फायबरच्या होडीतून ते एकटेच गळ टाकायला जायचे. खोल पाण्यात त्यांना कुठेतरी बुडालेल्या खडकांचं खडप सापडलं होतं, तिथे महागडी घोळ मासळी लागायची. “मेल्या, झकास जमवलंस! आता या म्हणावं माझ्या मागे!” असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीत थाप मारली.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. एका सकाळी भावोजी गेले, आणि दुपारी वारा फिरला. आभाळ दक्षिणेकडून काळं होत आलं. सांजेपर्यंत सगळ्या होड्या आल्या, त्यांची तेवढी नाही. शोधायला निघालेले तटरक्षक दलाचे साहेब ताईला विचारत होते, कुठल्या बाजूला गेलेत? तिला कधी सांगितलेलंच नव्हतं. मला विचारलं, मलाही नाही. त्यांच्या पडद्यावर भावोजींचा शेवटचा ठिपका बंदराच्या तोंडाशीच होता. तिथून पुढे समुद्र म्हणजे काय घरामागचं परसू आहे शोधायला? तरी वेळणेश्वरपर्यंत किनारा पालथा घातला.

दोन दिवस ताईच्या पोटात अन्न नव्हतं. रडलीही नाही, नुसती धुमसत होती. “जागा लोकांना कळेल म्हणून बुडताना पण खटका चालू केला नसेल त्यांनी. मासा मोठा, आम्ही कोण?”

तिसऱ्या दिवशी होडी मिळाली. रिकामी. ओढून धक्क्याला आणली, आणि डबा सोडवायला मला आत उतरवलं. ताई वर धक्क्यावर उभी होती.

खटका चालू होता. नुसता चालू नव्हे, हलू नये म्हणून गळाच्या दोऱ्याने करकचून बांधलेला होता. मी दोरा सोडवून खटका उघडला. आतलं पितळ खाऱ्या हवेने हिरवं पडून त्याचा भुगा झाला होता. घरातल्या दिव्याचा खटका तो, समुद्रावर किती टिकणार? हे मला कळायला नको होतं? भावोजी त्या वाऱ्यात आपली जागा अख्ख्या जगाला सांगत बसले होते, आणि कोणालाच ऐकू जात नव्हतं.

“बंदच होता ना रे?” ताईने वरून विचारलं.

मी दोरा खिशात कोंबला.

“हो गो. बंदच होता.”

वर्ष होत आलं. ताईने रागाने अजून त्यांच्या फोटोला हार घातलेला नाही. आज पहाटेही होड्या गेल्या, आणि कितीतरी डब्यांवर मी बसवलेले तेच खटके आहेत. बदलून घ्या म्हणून सांगायला हवं. रोज ठरवतो. पण का म्हणून विचारतील, आणि सांगितलं की ताईला कळेल.