वडाळीच्या तलावावर न्यायची भाजी

वडाळीच्या तलावावर सहलीला जायचं, एवढं ठरवायला आम्हा शाळेतल्या शिक्षिकांना पाऊण महिना लागला. अमरावतीतली मुलींची शाळा, साठ-एकसष्टचा सुमार. तलाव गावाला लागूनच. टांग्यात बसलं की गप्पा रंगायच्या आत येणारा. पण मधल्या सुट्टीत त्याच्यावर अशा बैठका झडत, जणू काशीला जायचंय. एका रविवारी संस्कृतच्या बाईंची चतुर्थी, दुसऱ्या रविवारी कोणाच्या तरी नणंदेचं डोहाळजेवण. शेवटी संक्रांतीनंतरचा रविवार ठरला आणि गाडी जेवणावर आली.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एकेकीला एकेक पदार्थ वाटू लागल्या. संस्कृतच्या बाईंना पुऱ्या, गणिताच्या बाईंना दहीभात. माझ्यापाशी येताच त्यांचा आवाज मऊ झाला.

"तुम्ही सतरंज्या आणा. तुमचं घर लांब, डबा सांडायचा उगाच."

माझं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत होतं. पुऱ्या आणणाऱ्या संस्कृतच्या बाई बडनेऱ्याहून येत. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, मी बी. ए. झाले, याच बाईंबरोबर एका टेबलावर वह्या तपासू लागले. पण माझ्या घरचा डबा सांडणार, हे त्यांना बसल्या जागी दिसत होतं.

"सतरंज्या आणते, आणि वांग्याची भाजीही आणते. माझी आई फार छान करते," मी म्हटलं. कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. संस्कृतच्या बाईंना एकदम खिडकीबाहेर काहीतरी दिसलं.

मी वेडी. संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगून बसले.

"तुह्या संगच्या बाया खातीन काय माह्या हातचं?" तिनं विचारलं.

"खातील. शिकलेल्या आहेत."

नांदगाव खंडेश्वरकडच्या आमच्या खेड्यात आईनं अशाच घरांच्या शेतात निंदण केलं होतं, आणि त्यांनी वरून टाकलेली भाकर पदरात झेलली होती. आता तशाच घरांतल्या लेकी तिच्या हातची भाजी खाणार होत्या. ती त्याच दिवशी खोबरं बघायला बाजारात गेली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी नवी टूम काढली. घरून कोणीच काही आणायचं नाही, आचारी न्यायचा. "बायकांची एक दिवस तरी चुलीपासून सुटका व्हायला हवी की नाही?" साऱ्याजणी हो हो म्हणाल्या. माझ्या एका भाजीला नाही म्हणता येईना म्हणून या बायांनी अख्खा स्वयंपाक मोडला. तोंडावर नाही म्हणायचीही यांच्यात धमक नव्हती, आणि वर्गात मुलींना नागरिकशास्त्र शिकवायच्या. आचारी ठरवला तोही आधी त्याची जात विचारूनच.

आईला हे सांगायला माझी जीभ रेटेना. रविवारी ती पहाटे उठली, खोबरं-कांदा भाजला, पाट्यावर मसाला वाटला आणि पितळी डबा काठोकाठ भरून फडक्यात बांधून दिला. मी तो घेऊन टांग्यात बसले.

तलाव काठोकाठ भरलेला, आणि काठावर आमच्या बाई आपापल्या घरच्या पाण्याचे फिरकीचे तांबे मांडीशी धरून बसलेल्या. कोणाच्या तांब्यातलं कोणाला द्यावं लागू नये, असा बेत होता. त्यांच्या घरच्या नळाला पाणी याच तलावाचं येई. माझ्या घरच्या सतरंजीवर मात्र सगळ्या ऐसपैस पसरल्या होत्या. सतरंजी बाटत नसावी.

पानं मांडली तेव्हा मी डबा मधोमध ठेवून उघडला.

"वास किती छान आहे!" गणिताच्या बाई म्हणाल्या आणि पदर सावरून मागे सरकल्या. संस्कृतच्या बाईंना वांगं वातूळ होतं. मोठ्या बाईंच्या पोटात जागाच नव्हती. त्यांचं पान अजून कोरं होतं. एवढ्या खोटारड्या बाया एका जागी मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत. मला रडू आलं नाही, किळस आली.

मी डबा उचलला आणि झाडाखाली बसलेल्या टांगेवाल्यांकडे गेले. त्यांच्यासोबत बसून पोटभर जेवले. ते दोघं भाकरीशी भाजी ओरपत होते. "बाई, और है क्या?" एकानं विचारलं. नव्हती. त्यानं डबा पुसून घेतला.

घरी आले तर आई दारातच उभी. तिनं डबा हातात घेतला, हलका लागला, तसं झाकण उघडून पाहिलं.

"सरली?"

"सरली. कमीच पडली."

"मोठ्या बाईनं घेतली काय?"

मी चपला काढत होते. "दोनदा," मी म्हटलं.

आई डबा घेऊनच अंगणात गेली आणि कुडापलीकडच्या शेजारणीला हाक मारून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मोठ्या बाईनं दोनदा मांगून खाल्ली वं. पुढच्या खेपेले मोठा गंज भरून देतो."