वटवाघळांच्या दारातल्या चपला

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. परदेशात एक बुरशी आहे. थंड गुहांत हिवाळाभर झोपलेल्या वटवाघळांच्या नाकावर ती पांढरी उगवते आणि त्यांना मारते. माणसांच्या बुटांना चिकटून ती इकडे आली तर आपल्या वटवाघळांचं काय होईल, हे तपासायचं काम माझ्याकडे आलं. पाटोद्याजवळच्या डोंगरातली एक गुहा मी निवडली. एकट्याने आत जायचं, गारवा मोजायचा, गुपचूप बाहेर यायचं.

पण न सांगता गेलं तर बरं दिसणार नाही, म्हणून सरपंचांना फोन केला. माझ्या हातून वाईट गोष्टी बहुधा अशा सभ्यपणातूनच होतात.

सरपंचांनी पुढाऱ्यांना कळवलं. मी पोचलो तेव्हा पायथ्याशी गाड्या लागलेल्या, फेटे तयार, आणि हलगीवाले हलगी शेकत होते. अंगावर शाल पडली की मला नाही म्हणता येत नाही. एवढंच म्हणालो, "बाहेरच्या चपला-बूट आत नेऊ नका."

याचा अर्थ सगळ्यांना लगेच कळला. गुहेच्या तोंडाशी चपलांची रांग लागली. अनवाणी आत शिरून कुणी डोकं टेकलं, कुणी उदबत्ती लावली. पुढाऱ्यांनी नारळ फोडला.

"सर, भेताव कावून?" सरपंच म्हणाले. "समद्यांनी चपला काढल्यात की! लई जागृत जागा हाय म्हनं."

"कोण म्हणतं?"

"तुमीच की."

हलगी कडाडली. भर दुपारी वटवाघळं गुहेतून उधळली. पुढाऱ्यांनी त्यांना हात जोडले, आणि तो फोटो तालुकाभर फिरला.

अहवाल मी प्रामाणिकपणे लिहिला. गुहा उबदार आहे, इथली वटवाघळं हिवाळाभर झोपत नाहीत, बुरशीचा धोका कमी. माणसांकडून होणाऱ्या धोक्याबद्दल शेवटी एक ओळ घातली, मग कुणाला टोचेल म्हणून तीही मऊ केली.

उधळलेली वटवाघळं मात्र परतली नाहीत, गुहा रिकामीच राहिली. रविवारी संध्याकाळी मी समोरच्या खडकावर जाऊन बसायचो. त्याशिवाय घरी जेवण जात नव्हतं. अशाच एका रविवारी गुहेच्या तोंडातून एक काळी सावली निसटली, मग दुसरी, मग पुष्कळ. तेवढ्यात सरपंचांचा फोन आला.

"सर, आली का वापस? पुढारी सायबाला वाढदिवसाला दर्शन घ्यायचंय. डीजे बी सांगितलाय."

"नाही," मी म्हणालो. "एकही नाही."

"अरारा! तुमचंच काई तरी चुकलं असन."

"हो, माझंच," मी हळू आवाजात म्हणालो. ती अजून बाहेर पडतच होती.