दार बंद राहिल्याचा व्हिडिओ

कवळ्या बनवणाऱ्या बाईंचे हात दिवसभर प्लास्टरने पांढरे असत. त्या दिवशी चेहराही तसाच झाला. सव्वीस वर्षांच्या लेकाला, दादाला, पहिल्यांदाच घरी एकटं ठेवून त्या कामावर आल्या होत्या.

दादाला सांगून फारसं कळत नसे. पण दाखवलं की तो जन्मात विसरत नसे. दादा जायचा त्या विशेष मुलांच्या केंद्रातल्या ताईंच्या सल्ल्याने बाईंनी फोनवर त्याचेच व्हिडिओ काढले होते. दादा दात घासतोय, दादा अंथरूण घालतोय. दाराच्या व्हिडिओत मामा पाहुणा झाला होता. बेल वाजते, दादा विचारतो, "कोण?" मामा म्हणतो, "मी." दादा दार उघडतो.

साच्यातून कवळी सोडवताना बाईंच्या एकदम लक्षात आलं. एकाही व्हिडिओत दार बंद राहिलंच नव्हतं.

मालकांना काहीबाही सांगून त्या धापा टाकत घरी आल्या. दार बंद होतं, आत टीव्ही चालू होता. जीव भांड्यात पडला, पण खात्री हवीच होती. जिन्यात एक मीटर बघणारा अनोळखी माणूस होता.

"भाऊ, बेल वाजवा. कोण विचारलं तर नुसतं 'मी' म्हणा."

"मी मीटर बघायला आलोय बाई, नाटकात काम करायला नाही." तरी त्याने वाजवली.

"कोण?"

"मी."

दार उघडलं. दादा हसत म्हणाला, "या, बसा." शिकवल्यात तसूभर फरक नव्हता.

"आता कोणालाच उघडायचं नाही," संध्याकाळी त्यांनी आपल्या भावाला, दादाच्या मामाला, सांगितलं. "मलाही नाही. मी चावी नेईन."

"सख्ख्या आईला बाहेर ठेवायला शिकवणार?"

"तुझ्यासारख्या आयतोबाला आत घ्यायला शिकवलं, त्याचं हे फळ."

बेल वाजली तरी कसं बसून राहायचं ते दादाला करून दाखवलं, व्हिडिओसाठी फोन आत टेबलावर लावला आणि दोघं बाहेर उभी राहिली. आठ दिवस हेच चाललं. 'मी' म्हटलं, दार बंद. 'पार्सल आहे' म्हटलं, दार बंद. मामा खूश झाला. बाईंना मात्र झोप लागेना. वाईट माणूस एवढ्यावर थोडाच थांबेल? नवव्या दिवशी त्यांनी भावाच्या कानात वाक्य सांगितलं.

"दादा, आई पडली रे. रक्त येतंय."

दार खाडकन उघडलं. दादा अनवाणी बाहेर आला, आईला चाचपून बघू लागला. कुठे लागलं, कुठे लागलं. बाईंनी त्याला घट्ट धरून ठेवलं. मामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग त्यांनी दादाला आत नेलं, फोन पुन्हा सुरू केला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

"परत घेऊ," त्या भावाला म्हणाल्या. "या वेळी मीच ओरडते."